ऐंशी किलो जास्त

“ऐंशी किलो जास्त होतंय,” विमानाच्या वजनाच्या तक्त्यावरचं बोट न उचलता लेक म्हणाली.

मागच्या सीटवर म्हातारा केव्हाचा पट्टा आवळून बसला होता. बावीस वर्षं त्यानं याच आखूड धावपट्टीवरून मालकांची विमानं उडवली होती. उद्यापासून पट्टी बंद. इथलं शेवटचं उड्डाण लेकीच्या हातून होणार, तर आपण आत हवं, म्हणून नव्या मालकांच्या हातापाया पडून त्यानं ही जागा मिळवलेली. सकाळच्या गारव्यात हे छोटं जेट सुखानं उठलं असतं. पण मालकांचे पाहुणे निवांत जेवून आले ते दोन वाजता. ऊन रणरणत होतं, हवा विरळ झालेली. इंधन आधीच बेताचं. संध्याकाळपर्यंत थांबावं, तर पट्टीला दिवे नाहीत.

“ऐंशी किलोचं काय घेऊन बसलात, कॅप्टनबाई?” मालक हसले. “तुमच्या वडिलांनी इथून आमच्या आजोबांचं बिलियर्डचं टेबल नेलं होतं. भर दुपारी. पायांसकट!”

ती गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? म्हातारा ती सांगायचा तेव्हा दर खेपेला तिच्यातलं कुंपण वीतभर जवळ सरकायचं. अलीकडे तर गोष्टीत कुंपणावर वाळत घातलेला कुणाचा तरी पायजमा चाकाला अडकून थेट राजधानीपर्यंत गेला होता.

लेकीनं वळून पाहिलं. लहानपणी गोष्ट ऐकताना बघायची, अगदी तशीच.

“बाबा, उठेल ना?”

‘न उठायला काय झालं’ हे म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि पट्टा सोडला.

“टेबल ट्रकनं गेलं, चिमणे.”

“काय?”

“मी नाही म्हणालो होतो. थोरले मालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.” तो टोपी चाचपत उठला. “तक्ता नाही म्हणाला की नाही. आणि माझं वजन ब्याऐंशी आहे. डॉक्टर उगाच कावत नाही.”

“पण बाबा, आज शेवटचं...”

“उतरवा मला, कॅप्टन.”

तिनं दार उघडलं. मग म्हणाली, “कठडा धरून उतरा.”

कुंपणाशी उभं राहून त्यानं पाहिलं. विमान धावलं, धावतच राहिलं, मग नाक उचलून थोडीशीच पट्टी शिल्लक ठेवून निघून गेलं. धूळ बसायला बराच वेळ लागला.

घरी जायला सहा तासांची बस. शेजारच्या सीटवरच्या आजींनी त्याचा कडक इस्त्रीचा कोट निरखला.

“एवढे नटूनथटून कुठं निघाला होता?”

“विमानानं जाणार होतो. लेकीनं उतरवलं.”

“अगं बाई! सख्ख्या लेकीनं?”

“सख्ख्या,” म्हातारा छाती पुढे काढून म्हणाला. “तेही चारचौघांदेखत.”