बंदुकीचं कपाट

"उचल," आक्का म्हणाली.

पिराजीने सदरा काढून बहिणीच्या हातात दिला आणि तिजोरीभोवती एक फेरी मारली. तिजोरी छातीइतकी उंच होती. हिरवा रंग, दारावर पितळेचा सिंह. उद्यमनगरातल्या त्या कारखान्याचे मालक गणपतराव खुर्चीत रेलून बघत होते.

"पैलवान, कंबर धरंल हां," ते म्हणाले. "चार हमाल लागत्यात तिला."

"चोरबी चारच हुते," आक्का म्हणाली.

गेल्या महिन्यात हातकणंगल्याजवळ, तिच्या मळ्याशेजारच्या वस्तीवर चोरी झाली होती. चोरांनी तिजोरी घरात फोडलीच नाही. बैलगाडीत घालून ओढ्याकाठी नेली आणि तिथे निवांत उघडली. आतली बंदूक गेली. मग फौजदार घरोघर फिरले. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने सोमवारपर्यंत पक्का बंदोबस्त दाखवायचा, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा करायची. आक्काचा ऊस उभा होता आणि त्यात रानडुकरं शिरत होती. बंदूक ठाण्यात गेली तर तोडणीला ऊस उरणार नव्हता.

"परवाना कुनाच्या नावावर हाय?" गणपतरावांनी विचारलं.

"माझ्या."

"आनि वाजवतं कोन?"

"मीच की. नुसतं मला बघून डुकरं पळायला मी काय फौजदार हाय?"

पिराजीने तिजोरी उचलली नाही. त्याने एका कोपऱ्याला खांदा लावला आणि ती हळूहळू कलती केली. तळाच्या एका कडेवर ती तोलली गेली, तेव्हा जवळजवळ सगळं वजन त्या कडेनेच घेतलं होतं. पिराजीला फक्त तोल राखायचा होता. मग या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर फिरवत त्याने ती दारापर्यंत चालवत नेली.

लेथवरचे कामगार हात थांबवून बघत राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. गणपतराव खुर्चीतून उठले.

"वा रं पठ्ठ्या!" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, दूध आना रं पैलवानाला!" हरली होती ती आपली तिजोरी, हे क्षणभर ते विसरूनच गेले.

आक्काही हसत होती. "भाऊ माझा वाघ हाय," ती म्हणाली. "पन मग ही तिजोरी न्हाय चालत. तुमी तुमचं सोताचं कशात ठेवता?"

गणपतरावांची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे दगडी भिंतीला चिकटून कमरेएवढं एक लोखंडी कपाट होतं. त्याला रंगसुद्धा दिलेला नव्हता.

"ते इकायचं न्हाय. माझ्यासाठी केलंय."

"म्हनून तर इचारलं. पिराजी, बघ."

पिराजीने कपाटाला मिठी घातली, भिंतीला पाय लावला आणि ओढलं. मग पहार मागितली. कपाटाच्या मागे पहारीचं टोक शिरेल एवढी फट नव्हती. दार चौकटीच्या आत बुडवलेलं होतं. तिथेही टोक घसरत राहिलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. भिंतीचा थोडा चुना खाली पडला, एवढंच.

"न्हाय आक्का," तो म्हणाला. मग चांगल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याने कपाटावरून हात फिरवला.

गणपतरावांनी किल्ली लावून दार उघडलं. "बोल्ट भिंतीतनं आरपार गेल्यात. भाईर नुसती गुळगुळीत डोकी, पान्याला धरायला काय न्हाय. नट आत. दार उघडल्याबिगर ते सुटत न्हाईत."

आक्काने हात आत घातला आणि एकेक नट बोटांनी चाचपून पाहिला.

"पन बंदूक उभी मावायची न्हाय यात," गणपतराव म्हणाले.

"मोडून ठेवीन. नळी येगळी, दस्ता येगळा."

गणपतरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "असंच दुसरं करून देतो, आक्का. पंधरा दिस द्या."

"फौजदार सोमवारी येतोय."

गणपतरावांनी कपाटाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी कपाट रिकामं करायला घेतलं. बायकोच्या पाटल्या, फडक्यात गुंडाळलेली मोजमापाची हत्यारं, जमिनीचे कागद. सगळं टेबलावर आलं.

"आता हे मी कुठं ठेवू, सांगा."

"सिंहापाशी ठेवा की. हितं रोज कुठं पैलवान येतोय?"

कामगार खो खो हसले. गणपतरावही हसले. पाना त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. खांद्यापर्यंत हात कपाटात घालून त्यांनी स्वतः एकेक नट सोडवला.

पिराजीने पाय रोवले, श्वास भरून घेतला आणि कपाट ओढलं. ते इतकं सहज सुटलं की तो दोन पावलं मागे धडपडला.

"आक्का, हे तर हलकंच हाय की!"

"असू दे. भित्त जड हाय आपली."

"केवढी जाड हाय भित्त?" गणपतरावांनी विचारलं.

"ह्याच भित्तीएवढी. काळा दगुड."

"मग बोल्ट हेच पुरतील."

पिराजी कपाट खांद्यावर घेऊन गाडीकडे गेला. त्याच्यामागे कामगार बोल्ट आणि भिंतीबाहेर त्यांच्या डोक्यांखाली बसवलेल्या लोखंडी पट्ट्या घेऊन निघाले. गणपतरावांनी नट तेलाच्या फडक्याने पुसले आणि पिराजीला हाक मारायला तोंड उघडलं.

आक्काने पदर पुढे केला. "ते हिकडं द्या."

नट पदरात पडले. तिने एक गाठ मारली, ओढून पाहिली, तिच्यावर दुसरी मारली. गाडी सुटली तेव्हा ती कपाटाकडे पाठ करून बसली होती. पदराची गाठ तिच्या मुठीत होती.