मोटार बंद आहे तोवर

"दादा, आजच्या दिवस मोटार लावू नको," टीव्हीला जोडलेल्या कम्प्युटरवर विमानाचा खेळ लिहिता लिहिता पंढरी म्हणाला.

थोरला भाऊ अण्णाराव खोरं घेऊन बांधापलीकडच्या विहिरीकडं निघाला होता. पाईपाच्या तोंडाशी गाळ साचला होता. "गाळ काढून वर आलो, च्या प्यालो की लावणार. जनावरं काय तुझं विमान पिणार हायत का?"

मोटार सुरू झाली की विजेचा दाब पडायचा, टीव्हीवरचं चित्र आकसायचं आणि कम्प्युटरच्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. लातूर नवा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या. मळ्यातली वीज मात्र मरतुकडीच राहिली. लिहिलेलं कॅसेटवर भरून ठेवावं, तर टेपरेकॉर्डर भुजंगमामाचा, तो संध्याकाळी मिळणार. आणि उद्या विष्णुपुरीच्या कॉलेजात पुण्याचे साहेब हा खेळ बघणार होते. पसंत पडला तर नोकरी. नाहीतर हाच दुष्काळ, हाच गाळ.

"बघू," म्हणून अण्णाराव गेला. बघू म्हणायचं आणि शेवटी आपलंच खरं करायचं, ही त्याची जुनी खोड.

खेळ साधा होता. विमान उडत राहायचं, खालून बालाघाटाचे बोडके डोंगर मागं सरकायचे, समोरून कोरडे ढग चालून यायचे. गोळी लागली की ढग धप्पकन फुटायचा. पाऊस काही पडायचा नाही. पंढरीला खोटं दाखवायचं नव्हतं.

दुपार कलताना एकदा त्यानं गोळी झाडली नसतानाच धप्प आवाज आला. पडद्यावरचे ढग तर शाबूत होते. साहेबांसमोर असं झालं तर? तो प्रोग्रामची एकेक ओळ तपासत बसला. चूक काही सापडेना.

सिंधुवैनी टँकरच्या रांगेतून घागर घेऊन आली. चूल पेटवून तिनं चहा केला. "भाऊजी, च्या झाला. त्यान्ला हाक मारू का?"

"नको वैनी! वर आला की मोटार लावील. माझं उरकू द्या."

"सकाळधरनं पोटात काय न्हाई त्यांच्या."

"थोडं थांबा हो."

ती हसली. "तुमच्यासाठीच थांबून राहिले असतील. बोलून दावत न्हाईत, पण जीव लई हाय तुमच्यावर." तिनं चहा झाकून ठेवला.

चित्र एकदाही आकसलं नाही. दिवेलागणीला भुजंगमामानं टेपरेकॉर्डर आणून दिला. खेळ कॅसेटवर भरला, परत लावून पाहिला. एक ओळ गळाली नव्हती.

पंढरीला भरून आलं. गोठ्यात जनावरं हंबरत होती, तरी दादानं मोटार लावली नव्हती. ह्या माणसाला आपण हेकट म्हणत आलो, याची त्याला लाज वाटली. चहा पुन्हा गरम करून, कॅसेट खिशात टाकून तो स्वतःच विहिरीकडं निघाला.

काठावर अण्णारावच्या वहाणा होत्या. पलीकडची दरड जागेवर नव्हती. विहीर निम्मी मातीनं बुजली होती.

प्रोग्राममध्ये चूक नव्हती.