रविवारचे भोंगे

थोरल्याचं हे आता अति होत चाललं होतं. दर रविवारी बेल वाजायची, आणि दार उघडलं की आधी खोका दिसायचा, मग खोक्यामागचा थोरला. लोकांची पोरं आईबापाकडे येताना फळं आणतात. हा गाणी ऐकायचे भोंगे आणायचा. पहिले गुडघ्याएवढे होते, मग कमरेएवढे झाले. आता बाहेरच्या खोलीत आईच्या खांद्याला लागतील असे दोन काळे खांब उभे होते, आणि तिचं शिलाई मशीन बाल्कनीत ऊन खात बसलं होतं.

"अरे, पुरे की आता," ती म्हणायची. "भोंगा बदलून काय तबकडीतल्या बाईचा गळा बदलणार आहे?"

"बाबांना विचार. त्यांचा कान आहे."

कान होता खरा. बाबांनी जन्मभर लोकांची वाद्यं जुळवून दिली होती. खोका आला की ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत ताठ बसायचे. तबकडी संपेपर्यंत हूं नाही की चूं नाही. मग निकाल द्यायचे, "बरंच सुधारलंय. पण वरचा सूर अजून चिरकतो." झालं! थोरल्याच्या डोक्यात पुढचा खोका.

आज वायरी होत्या, करंगळीएवढ्या जाड. वायरीनं आवाज मोकळा होतो म्हणे. थोरल्यानं जुन्या वायरी उपसून बाहेर टाकल्या होत्या, आणि कपाटामागे ओणवा होऊन तो नव्यांची टोकं सोलत होता. नुसती ढुंगणाची बाजू दिसत होती.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, वाढू का?"

खुर्चीची पाठ तिच्याकडे होती. उत्तर नाही.

"जेवण निवतंय म्हटलं!"

नाही म्हणजे नाही. तिनं मनावर घेतलं नाही. लग्नाच्या नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात नवल ते काय.

तेवढ्यात बाबाच उठले. "थोरल्या, लावतो रे," म्हणाले.

"थांबा बाबा, अजून जोडलं नाही," कपाटामागून थोरला ओरडला.

बाबांनी बटण दाबलं, फिरत्या तबकडीवर सुई टेकवली आणि परत खुर्चीत येऊन बसले. भोंग्यांना आवाज पुरवणाऱ्या पेटीच्या काचेमागचे, आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे टुणकन उडाले आणि नाचू लागले.

भोंगे गप्प होते. खोलीत एवढी शांतता, की आईला तबकडीवर सुई घासल्याची किसकिस ऐकू आली. दूर कुणीतरी कागद कुरतडावा तशी. ती बोलायला गेली आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं. अचूक. काटा उडाला की बोट पडायचं, काटा बसला की बोट थांबायचं. डोळे काट्यांवर खिळलेले. मध्येच मान डोलली.

"वा!" ते म्हणाले. "आता कसा मोकळा झाला! वायरीनं फरक पडतो हं, थोरल्या. फक्त खालचा सूर जरा दबतोय. त्याचं बघू पुढच्या रविवारी."

कपाटामागचं खुडबुडणं थांबलं. थोरला हळूहळू उभा राहिला. दोन्ही वायरी त्याच्या मुठीत होत्या, सोललेली टोकं झाडूच्या हिरांसारखी पिंजारलेली. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला होता.

बाबांनी त्याला पाहिलं. मग मुठीकडे पाहिलं. बोट अजून दोनदा पडलं आणि थांबलं. काटे नाचतच होते.

किती दिवस आई या माणसाच्या पाठीशी भांडत होती! भाजीला मीठ कमी का, विचारलं तर गप्प. दिवा मालवू का, तर गप्प. खवट म्हातारा, म्हणून तिनं शेजारणीला सांगून झालं होतं. ती खुर्चीला वळसा घालून पुढे गेली आणि त्यांच्यासमोर वाकली.

"काहीच येत नाही ऐकू?"

बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "तोंड दिसलं की कळतं," ते म्हणाले.

"मग हे चिरकतं नि दबतं काय म्हणून चाललं होतं?"

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. आधीच लावलेलं होतं. "झकास झालं म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर हा कशाला आला असता?"

थोरला मटकन खोक्यावर बसला. खोका चेपला, पण त्याला कळलं नाही. मग तो बोलू लागला.

"आई, कानात घालायची मशिनं मिळतात. फार भारी निघालीत हल्ली. आपण आधी साधं घेऊन बघू. मग त्याच्या वरचं एक येतं, ते—"

"गप्प बस!"

तबकडी संपली होती. आईनं पेटीचं बटण ठक्कन दाबलं, काटे लोळले. तिनं थोरल्याच्या मुठीतून वायरी ओढून घेतल्या.

"बाप बहिरा, लेक आंधळा, आणि मी शहाणी भिंतीशी भांडतेय! मशीन आणायचं ते एकदाच आण, आणि चांगलं आण. त्यानंतर या उंबऱ्यात खोका दिसला तर खोक्यासकट जिन्यावरून खाली जाशील. रविवारी रिकाम्या हातानं यायचं. आणि त्या कपाटामागे नाही, यांच्या पुढ्यात बसायचं. तोंड दिसेल असं."