ठिपक्याची पट्टी

“पडदा परत निळा झाला, बाबा,” माऊ म्हणाली.

“होऊ दे,” टेबलाखालून बाबांचा आवाज आला. “कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय औषध कसलं देऊ?”

कॉम्प्युटर बाबांनी स्वतः जोडलेला होता. उभा जन्म लोकांची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे लेकीसाठी तयार मशीन विकत आणणं त्यांच्या जिवावर आलं होतं. आता तो चालता चालता मान टाकत होता आणि माऊची परीक्षा उद्यावर आली होती. परदेशातल्या मोठ्या कंपनीची परीक्षा, पास झाली की तिकडेच नोकरी. घरी बसून द्यायची, पण एकदाच. मधे मशीन बंद पडलं की संपलं, पुन्हा आत घेणार नव्हते.

पॉवर सप्लाय बदलून झाला. पंखा साफ करून झाला. आता संशय होता रॅमवर, म्हणजे मशीनच्या मेमरीवर. आत तिच्या दोन पट्ट्या होत्या, दिसायला अगदी जुळ्या. बाबांनी एकेक पट्टी एकटीच बसवून तपासायचा प्रोग्रॅम लावला. पहिली मुकाट्याने पास झाली. दुसरी अर्धा तास शहाण्यासारखी वागली आणि तापल्यावर पडदाभर लाल ओळी ओकली.

“सापडला चोर,” बाबा म्हणाले. “थंड असेपर्यंतच काय ती गुणाची! एका पट्टीवर तुझी परीक्षा निभेल. पण या दोघींची अदलाबदल नको व्हायला. खूण करायला आहे का काही?”

माऊने नेलपॉलिशची बाटली आणून दिली. बाबांनी तळ खरवडून वाईट पट्टीवर लाल ठिपका दिला आणि तो वाळल्यावर पट्टी स्क्रूंच्या डब्यात टाकली.

“संपवलीत ना माझी लाल?” माऊ म्हणाली. “आता एक गुलाबीच उरली.”

चांगली पट्टी त्यांनी तिलाच बसवायला लावली. “दोन्ही टोकांना सारखं दाब. खट् झालं पाहिजे. शिकून घे, तिकडे मी नाही येणार धावत.”

खट् झालं. बाबांनी शाबासकी दिली.

जेवताना मात्र दोघं बराच वेळ गप्प होती. माऊची आई गेल्यापासून घरात बोलणारी अशी ही दोघंच. आता तीही बोलेनात, तेव्हा कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

“तू गेलीस की हा फ्रिज तेवढा बोलेल माझ्याशी,” बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

माऊ हसली नाही. परीक्षेची धास्ती असेल, असं बाबांना वाटलं.

सकाळी त्यांनी बॅटरी घेऊन मशीनमध्ये डोकावून पाहिलं. बसवलेल्या पट्टीवर ठिपका नव्हता. निर्धास्त होऊन त्यांनी झाकण लावलं. माऊ अंघोळ करून आली तेव्हा तिची बोटं त्यांना उगाच ओकीबोकी दिसली.

“नखांचा रंग का गं पुसलास?”

“परीक्षेला साधंच बरं.”

ती खोलीत गेली. बाबा दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या तासाने दार उघडलं.

“बंद पडला,” माऊ म्हणाली.

जगाची यंत्रं बाबांनी चालू केली आणि पोटच्या पोरीचं नेमकं बंद पडलं. माऊने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“असू दे हो. नाहीतरी तुमची बडबड त्या फ्रिजला झेपली नसती.”

ती हसत होती म्हणून बाबांना जास्तच रडू आलं.

त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हात गेला माझा त्यातला.” पंखे, मिक्सर, इस्त्र्या तेवढ्या करायचे. मशीन चादरीखाली गेलं. माऊ चौकातल्या एका दुकानात लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागली. त्यातले निम्मे परदेशी जाणाऱ्यांचे असायचे. संध्याकाळी ती मान चोळत घरी यायची आणि बाबा दुसरीकडे बघायचे.

चार वर्षं अशीच गेली. मग बाबांच्या बहिणीच्या नातीला शाळेसाठी कॉम्प्युटर हवा झाला.

“नवा घेतील ते. हा भंगारात द्या,” माऊ म्हणाली. “कशाला उघडत बसता?”

पण पोरीच्या हातात मेलेलं यंत्र देणं बाबांना पटेना. सुटीच्या दिवशी माऊ स्वयंपाकघरात असताना त्यांनी चादर काढली आणि तोच जुना प्रोग्रॅम लावला. बिनठिपक्याची पट्टी अर्धा तास शहाण्यासारखी वागली. मग पडदाभर लाल ओळी.

बाबांनी डब्यातली ठिपक्याची पट्टी काढून तिच्या जागी बसवली आणि समोर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही.

म्हणजे ठिपकाच भलत्या पट्टीला लागला होता. चांगली डब्यात पडून राहिली आणि वाईट मशीनमध्ये गेली. आणि ठिपका दिला होता त्यांनीच. इतकी वर्षं ते नशिबाला बोल लावत होते, आता तेवढाही आधार उरला नाही. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“माऊ, मी चुकीच्या पट्टीला खूण केली गं. तुझं सगळं माझ्या या हातांनी मातीत घातलं.”

माऊ भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“चुकतो माणूस, बाबा. जाऊ द्या आता.”

“असं कसं जाऊ देऊ?”

“द्या म्हणते ना.”

नळाचं पाणी वाहत राहिलं. बाबा परत येऊन मशीनपाशी बसले. थोड्या वेळाने त्यांनी ती पट्टी बाहेर काढली आणि खिडकीशी नेली. आपली चूक एकदा नीट डोळ्यांनी बघावी म्हणून चष्मा पुसून घातला आणि पट्टी उजेडात धरली.

ठिपका गुलाबी होता.