रक्ताची वाट

हॉलच्या फरशीवर मी रांगोळीनं खोलीएवढं हृदय काढलं, चार कप्प्यांचं. आठवीचा वर्ग दारातच थबकला. "बाई, रांगोळीत पाय कसा ठेवायचा? पाप लागेल ना."

"रेघांच्या मधून चाला. चुकून लागलाच पाय, तर पूजेच्या वेळी मी देवाशी बोलून घेईन."

मुलं म्हणजे रक्त. शरीराकडून येताना हातात निळी गोकर्ण, फुप्फुसात ती ठेवून लाल जास्वंद घ्यायची आणि हृदयात परत यायचं. माझ्या देवांनी त्या दिवशी नुसत्या तुळशीवर भागवलं होतं. चाचणीत निम्म्या वर्गाला हृदय जमलं नव्हतं, आणि आमचे मुख्याध्यापक खोत सर म्हणाले होते, "सोमवारपासून आठवीचं विज्ञान दुसऱ्यांकडे देतो." माझ्याकडे हा एकच तास होता.

पहिल्या फेरीत दोघं झडपेतून उलटे घुसले, बाकीच्यांनी त्यांना ढकलून परत पाठवलं. हळूहळू रक्त सुरळीत वाहू लागलं. तेवढ्यात खोत सर आत आले ते थेट महाधमनीत उभे राहिले. "विज्ञानाच्या तासाला हे काय चाललंय?"

जास्वंदवाल्यांची रांग त्यांच्यामागे तुंबली. "सर," सानिया मुकादम हळूच म्हणाली, "तुम्ही गुठळी झालात. शरीराला रक्त पोचत नाहीये."

मी मनात नामस्मरण सुरू केलं. सरांनी खालच्या रेघा पाहिल्या, मागची रांग पाहिली.

"आठवी राहू द्या तुमच्याकडेच, बाई," ते म्हणाले. मग सानियाकडे वळले. "आणि गुठळीनं आता काय करायचं?"

"विरघळायचं, सर."