कोठार उघडलं

“सासूबाई आजारपणानं गेल्या असं लिहितो. चालेल ना?” पुरवठा खात्याचा साहेब उंबऱ्यावरूनच म्हणाला.

“नाही.” सून भिंतीला टेकून बसली होती. “भुकेनं गेली.”

अख्खी वस्ती अंगणात जमली होती. सरकारी कोठार धान्यानं गच्च होतं. सरकारी यादीत नोंद असलेल्या माणसाचा भूकबळी पडल्याची खात्री झाल्याशिवाय त्याचं कुलूप काढता येत नाही, असा नियम होता. तो साहेबानं सगळ्यांना दोनदोनदा ऐकवला होता.

“हे बघा, म्हातारं शरीर. वय झालेलं. काहीतरी निमित्त होतंच.”

“रडायचंही त्राण उरलं नव्हतं तिला. पाण्याचं बोट ओठांना लावलं, की तेवढंच चोखायची.”

“घरात दाणाही नव्हता?”

“असता तर साहेब, मी स्वतः उपाशी राहून तिचं पोट भरलं असतं.”

साहेब कसंनुसं हसला. “सासूवर एवढा जीव? आमच्या घरी येऊन जरा शिकवा.”

कुणीच हसलं नाही. सुनेनं पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच. मग ती अशी रडली, की साहेबाची मान खाली गेली.

“पुरलंत कुठे त्यांना?” त्यानं हळूच विचारलं.

शेजारीण पुढे झाली. घरामागं काटेरी फांद्यांनी झाकलेली ताजी माती तिनं लांबूनच दाखवली. साहेबानं नाकाला रुमाल लावला, टोपी काढली, क्षणभर थांबला आणि गाडीकडे वळला.

दुपार कलताना कोठार उघडलं. माणसं धावली, ढकलाढकली झाली, शिव्याशाप झाले. संध्याकाळी मात्र घराघरांतून धूर निघाला.

सुनेनं भात शिजवला. ताटली पदराखाली झाकून ती शेजारणीच्या मागच्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

“खा, आई.”

सासूनं घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि पुन्हा ताटलीत ठेवला.

“त्यांच्याकडे नोंद माझी होती, तिची नव्हती. मला मेलेली ठरवलंस ते बरंच केलंस,” ती कुजबुजली. “पण माझ्या नातीचं नाव काय ठेवणार होतीस, तेवढं सांग.”