कमरेला करगोटा

"काकू, हे काय लागलंय बघा ना," कढीपत्त्याची फांदी वाकवत शैला म्हणाली. काडीला एक हिरवा कोष चिकटला होता, आणि त्याच्या कमरेभोवती बारीकसा धागा.

शेजारच्या अनसूयाकाकूंनी चष्मा सरकवून पाहिलं. "अगं, फुलपाखरू होणार याचं! कमरेला करगोटा दिसतोय ना? आत लेकरू निजलंय. खुडलंस तर पाप लागेल हो." वाफे कसे करायचे इथपासून सगळं शैलाला काकूंनीच शिकवलेलं. त्यांच्याच आग्रहाने तिने यंदा परसबागेच्या स्पर्धेत नाव दिलं होतं. मग असले पाच-सहा कोष तिने जिवापाड जपले. फोडणीलासुद्धा त्या झाडाचं पान तोडलं नाही.

फुलपाखरं निघाली, काळी-पिवळी, देखणी. त्यांनी त्याच झाडावर अंडी घातली. परीक्षक आले तोवर अळ्यांनी कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या ठेवल्या होत्या, लिंबाचं रोपही बोडकं केलं होतं. पहिला नंबर काकूंचाच आला, सलग सहाव्या वर्षी.

शैला मोकळ्या मनाने अभिनंदन करायला गेली. काकूंचा कढीपत्ता हिरवागार, एका पानाला भोक नाही. बुंध्याशी पत्र्याचा डबा होता. त्यात साबणाचं पाणी, पाण्यात मेलेल्या अळ्या, आणि वर तरंगणारे, काडीसकट खुडलेले दहा-बारा हिरवे कोष.

"ये गं, पेढा घे," घरातून काकूंनी मायेने हाक मारली.

शैला डब्यापाशीच उभी राहिली. एकूणएक लेकराच्या कमरेला करगोटा होता.